कंपनीच्या स्प्रिंगा

गोन्चिगच्या जीपच्या नव्या स्प्रिंगा आठ दिवस घरामागे लोकरीच्या जाड नमद्याखाली पडून होत्या, आणि त्या बसवायच्या की नाही यावर मत देण्यापलीकडे आसपासच्या लोकांना दुसरा उद्योग उरला नव्हता. जो यायचा तो चहा घ्यायचा, तपकिरीची कुपी पुढे करायचा, मग बाहेर जाऊन नमदा उचलून बघायचा आणि अक्कल पाजळायचा. एक म्हणायचा, कंपनीने दिलंय ते विचार करूनच दिलं असणार, त्यात हात घालू नये. दुसरा म्हणायचा, जपानात बसून त्या लोकांनी आपलं गोबीचं वाळवंट कधी बघितलं? ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती ते जरा जास्तच बोलायचे, हे काही नवीन नाही.

गोन्चिग सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. साठी उलटलेला माणूस, बोलण्याच्या बाबतीत मुळातच कंजूस. ‘बघू’ एवढंच म्हणायचा आणि मेंढ्यांकडे निघायचा. स्प्रिंगा कशासाठी आणल्या, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. लोकांना वाटायचं, पाण्याची पिंपं वाहायला असतील. वाटू दे.

खरं कारण होतं त्याची मुलगी मरलमा. दोन वर्षांपूर्वी, तिला पाचवा महिना असताना, पोटात दुखायला लागलं, रक्त जायला लागलं. जावई खाणीवर होता. गोन्चिगने तिला जीपच्या मागच्या बाजूला गाद्यांवर निजवलं, बायको दुल्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि तो जिल्ह्याच्या दवाखान्याकडे सुटला. वाटेत कोरड्या ओढ्याची मोठी घळ लागते. उंच ट्रक तिच्यातून सरळ पार जातात. त्याच्या जीपचं पोट खाली दगडांना टेकायचं, म्हणून त्याला चाळीस किलोमीटरचा वळसा घ्यावा लागला. पोचले तेव्हा बाळ गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं की यात रस्त्याचा दोष नाही, तुमचाही नाही. पण सांगून पटतं थोडंच? त्या वळशाचे दोन तास त्याचं मन खात राहिले ते राहिलेच.

आणि आता वसंतात एके सकाळी दुल्माने मरलमाच्या हातातली दुधाची बादली न बोलता काढून घेतली. मरलमानेही न बोलता ती घेऊ दिली. गोन्चिग खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. त्याला कळायचं ते कळलं.

आमच्यात पोटातल्या जिवाबद्दल बोलत नाहीत. दिवस मोजत नाहीत, कपडे शिवत नाहीत, नाव तर घेतच नाहीत. यायचं आहे त्याची आधीच चर्चा केली तर ते वाटेतूनच परत फिरतं, अशी समजूत. बायका आपसात नजरेने काय ते बोलून घेतात, पण बापाने लेकीला विचारायचं म्हणजे झालंच. गोन्चिग जन्मभर याच चालीने चाललेला. त्याने तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला बल्जिर मेस्त्रीकडे गेला आणि म्हणाला, गाडी चार बोटं उंच करायची आहे.

बल्जिर तोंडाचा फटकळ, पण हाताचा प्रामाणिक. त्याने जाड स्प्रिंगा मागवून दिल्या, मात्र देताना बजावलं.

“काका, उंची मिळेल, ओझंही पेलेल. पण गाडी दगड होईल. मऊपणा हवा तर कंपनीच्याच स्प्रिंगा बऱ्या. दोन्ही एकदम मी काय, माझा बापही देऊ शकणार नाही.”

तिथेच घोडं अडलं होतं. लवकर पोचवणारी गाडी की हळुवार नेणारी गाडी? मेंढ्यांमागे फिरताना गोन्चिगच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. घळ डोळ्यांसमोर आली की वाटायचं, बसवून टाकू. मागच्या गाद्या आठवल्या की वाटायचं, नको. विचारावं तर कुणाला? जिला विचारायला हवं, तिला विचारायची सोय नव्हती.

नवव्या दिवशी त्याने मरलमाला कुंपणाशी थबकलेलं पाहिलं. एक हात कमरेवर, डोळे मिटलेले. नुसती पाठ अवघडली असेल, पण गोन्चिगला राहवलं नाही. त्याने तिथूनच बल्जिरला फोन लावला.

बल्जिर आला आणि दुपारपर्यंत काम झालं. चार बोटं उंच झालेली जीप भलतीच ऐटबाज दिसत होती. दोघं तिला घेऊन घळीवर गेले. जी घळ गेली दोन वर्षं गोन्चिगच्या छातीवर बसली होती, ती पंधरा मिनिटांत पार झाली. पलीकडच्या काठावर उतरून त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याला रडूच आलं. बल्जिरने चाकांशी काहीतरी बघायचं आहे असं दाखवत पाठ फिरवली. भला माणूस.

पण परत येताना चहाचा थर्मास फुटला. बल्जिरचं डोकं दोनदा छताला आपटलं आणि तो म्हणाला की या गाडीत बसण्यापेक्षा न शिकवलेलं शिंगरू परवडलं. गोन्चिग हसला नाही. मागच्या गाद्या एका कोपऱ्यात जाऊन पडलेल्या त्याने आरशात पाहिल्या होत्या.

संध्याकाळच्या उन्हात तो एकटाच चाकापाशी बसला असताना मरलमा आली आणि शेजारी जमिनीवर टेकली.

“बाबा, जुन्याच असू द्या ना.”

“का गं?”

“उंच झालीय. चढवत नाही.”

“पायरी करून देतो.”

“पायरीचं नाही हो.” तिने जमिनीवरचा एक खडा उचलला, परत ठेवला. “खूप धक्के बसतात म्हणे. बल्जिरदादा सांगत होता.”

जे दोन वर्षांत गोन्चिग बोलला नव्हता, ते तो खाली बघत बोलला. “त्या दिवशी उशीर झाला. ही गाडी उंच असती तर दोन तास वाचले असते. परत तसं होऊ द्यायचं नाही मला.”

वारा पडला होता आणि मेंढ्या परतायला लागल्या होत्या.

“उशीर नव्हता झाला, बाबा,” ती म्हणाली. “आपण घळीच्या अलीकडच्या विहिरीपाशीही पोचलो नव्हतो, तेव्हाच संपलं होतं. मला कळलं होतं. आईलाही कळलं होतं.”

गोन्चिगने मान वर केली.

“तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही स्टीअरिंगला छाती लावून बसला होतात. प्रत्येक खड्ड्याला ‘लागलं का, बाळा?’ म्हणत होतात. सांगितलं असतं तर तुम्ही तिथेच गाडी थांबवून बसला असतात. आणि मला वाटत होतं, थांबू नये. जात राहावं. त्या दिवशी एवढं एकच बरं होतं. आईची मांडी, आणि गाडी अशी पाळण्यासारखी...”

ती थांबली. पाळणा हा शब्द तोंडातून निघून गेला होता. आमच्याकडे असा शब्द अशा वेळी कुणी उच्चारत नाही. दोघांनीही तो ऐकला, आणि काही झालं नाही. मेंढ्या कुंपणात शिरत राहिल्या.

दोन वर्षं आपण ज्या दोन तासांना शिव्या घालत आलो ते मुळात नव्हतेच, हे गोन्चिगच्या गळी उतरायला वेळ लागला. आणि ही पोर त्या वेळी, तसल्या अवस्थेत, आपल्याला सांभाळत होती. त्याने आपला खरखरीत हात तिच्या डोक्यावर ठेवला. ती लहान असतानाही त्याने असं क्वचितच केलं होतं.

“मग या खेपेला घाई नकोच करायला,” तो म्हणाला. “लवकर निघू. दुखायच्या आधी. दवाखान्याजवळ माझ्या भावाकडे राहायचं, लागतील तेवढे दिवस.”

“लोकांना कळेल की मग.”

“कळू दे.”

दुसऱ्या दिवशी बल्जिरला परत बोलावलं तेव्हा तो वैतागला. काका, ही गाडी आहे की नवरी, सकाळ-संध्याकाळ कपडे बदलताय, म्हणाला. पण गोन्चिगच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पुढे काही विचारलं नाही. कंपनीच्या स्प्रिंगा पुसून, तेल लावून त्याने परत चढवल्या, आणि स्वतः मागच्या गादीवर आडवा पडून गोन्चिगला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

उन्हाळा संपता संपता, सातवा महिना लागायच्या आधीच, ते निघाले. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दुल्माने चाकांवर दूध शिंपडलं आणि मागे जाऊन बसली. गोन्चिग इतकी हळू गाडी चालवत होता की शेजाऱ्यांची कुत्री भुंकायची थांबून नुसतीच बघत राहिली. घळीला वळसा घातला. पाच तासांची वाट, त्यासाठी दोन दिवस ठरवलेले.

वळशाच्या टोकाला एक घर लागलं. गोन्चिगने आमच्या रीतीप्रमाणे गाडीतूनच ‘कुत्रा धरा’ म्हणून हाक दिली. घरातून एक म्हातारा बाहेर आला. त्याने गाडीला लांबून रांगत येताना पाहिलं होतं. तपकिरीच्या कुप्यांची देवाणघेवाण होण्याआधीच तो वाकून गाडीखाली डोकावला.

“काय मोडलंय?”

“काही मोडलं नाही.”

“मग एवढी हळू?”

मागे दुल्माचा श्वास अडकलेला गोन्चिगला ऐकू आला. उत्तरं पुष्कळ होती. इंजिन तापतंय म्हणता आलं असतं, टायर जुने आहेत म्हणता आलं असतं. कुणीही तसंच म्हटलं असतं.

“माझं नातवंड आहे आत,” गोन्चिग म्हणाला. “त्याला धक्का लागू द्यायचा नाहीये.”

म्हातारा सरळ उभा राहिला. काचेतून त्याने मरलमाकडे पाहिलं. ती रडत होती आणि हसतही होती. म्हाताऱ्याने सगळ्यांना आत नेऊन चहा पाजला, वाळवलेल्या दह्याची पिशवी बांधून दिली. निघायची वेळ झाली तेव्हा त्याने आपल्या घोड्यावर खोगीर चढवलं. पुढची वाट पुरानं खराब केलीय, म्हणाला. मऊ जागा कुठे आहे ते मला माहीत आहे.

मग म्हातारा घोडा चालवत पुढे निघाला, खाली जमिनीकडे बघत, कधी डावीकडे वळत, कधी उजवीकडे, आणि गोन्चिग त्याच्या मागोमाग, घोड्याच्याच चालीने, गाडी नेत राहिला.