चार बोटांची करडी पट्टी

रंगाऱ्याची बायको दोन महिन्यांत दोनदा पडली, तीही घरच्याच पायरीवरून. बाहेरची खोली आणि वीतभर खालचं स्वयंपाकघर, दोन्हीकडे तोच करडा सिमेंटचा कोबा. तिच्या अधू डोळ्यांना पायरी कुठे संपते तेच कळेना. लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला, “बाबा, रविवारी येते. आईला घेऊनच जाणार.”

त्या दिवसापासून बायको स्वयंपाकघरातला एकेक डबा काढून पुसत बसू लागली.

रंगाऱ्याने त्याआधीच पायरीच्या कडेला दोनदा पांढरा पट्टा मारला होता. दोन्हीदा आठवड्यात पोपडे निघाले होते. या वेळी दुकानदार म्हणाला, “काका, कोब्याला रंग फासायचा नाही, मुरवायचा. हा आम्लाचा घ्या. सात जन्म निघायचा नाही.” बेत ठरला: सगळी जमीन तपकिरी करायची, पायरीची कड तेवढी चिकटपट्टीखाली करडी राखायची.

गुरुवारी खिडक्या सताड उघडून, हातमोजे चढवून त्याने रंग फवारला. कोबा फसफसला. शुक्रवारी वरची भुकटी धुतली आणि खालून जुन्या चामड्यासारखा तपकिरी रंग वर आला. चिकटपट्टी काढली, तर चार बोटांची करडी पट्टी त्याच्या डोळ्यांत सलू लागली. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या, कधी एक कोपरा कोरा सोडला नव्हता. डब्यात रंग उरला होता, ब्रश हाताशी होता. हात आपोआप फिरला.

शनिवारी तीही कड धुऊन त्याने बायकोला हाक मारली. ती चौकट चाचपत आली, पाय पुढे करून थबकली.

“अहो, पायरी कुठे गेली?”

रंगाऱ्याने खाली पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकच तपकिरी रंग.

“पट्टी राखणार होतात ना?”

“राखली होती.”

“मग?”

“बरी दिसत नव्हती.”

ती हसत सुटली. “धन्य आहे! मी वेळेत आले म्हणून, नाहीतर खिडकीच्या काचाही रंगवल्या असत्यात.”

तो हसला नाही. उद्या रविवार. पॉलिशचा दगड घेऊन तो पायरीशी बसला आणि स्वतःच्या हातचं सगळ्यात देखणं काम खरवडू लागला. बायको अंदाजाने तांब्यातून पाणी सोडत होती.

“दिसतं?”

“नाही.”

पुन्हा दगड.

“आता?”

“थांबा... काहीतरी उजळ आहे. इथपासून इथपर्यंत.” तिने वाकून बोट फिरवलं. बोट बरोबर कडेवरून गेलं.

रविवारी लेक रिकामी बॅग घेऊन दारात उभी राहिली. “बाबा, इतकी सुरेख जमीन, आणि नेमकी इथेच खरवडून ठेवलीत?”

रंगाऱ्याची नजर बायकोच्या पावलांवर होती. ती उठली, पट्टीशी क्षणभर थांबली आणि चौकटीला हात न लावता खाली उतरली. आतून आवाज आला, “अगं, चहात साखर किती?”

लेकीने बॅग भिंतीशी ठेवली. “एक चमचा,” ती म्हणाली. मग हळूच, “पट्टी वाकडी झालीये हं बाबा.”

“असू दे,” रंगारी म्हणाला.