रुपाचा डावा हात

"सांगतलं तं कोनी खरं मानणार नाई, पन आपल्या रुपानं ह्याच डोहात सहा हात लांब मासोळीले पोहण्यात हरवलं होतं. मासोळी अशी लाजली, का धरणाकडे निघून गेली ते अजून वापस नाई आली."

एवढं बोलून गोमाजी धिवरानं चहाची बशी तोंडाला लावली. पवनीच्या घाटाजवळ, भैय्यालालच्या चहाटपरीसमोर तो रोज सकाळी जाळं दुरुस्त करत बसायचा. जाळ्यात जितकी भोकं, तितक्या थापा त्याच्याजवळ तयार असायच्या. भैय्यालाल त्या करमणूक म्हणून ऐकायचा. मासे विकणारी शकुनबाई टोपली खाली ठेवून, भांडण काढायला म्हणून ऐकायची. सत्तर वर्षांत विश्वास असा कोणी ठेवला नव्हता, आणि त्यावाचून गोमाजीचं काही अडलंही नव्हतं.

"मांगच्या साली ते मासोळी चार हाताची होती ना जी?" शकुनबाईनं टोकलं.

"वाढली ना बाप्पा! मासोळी होय ते. तुयासारखी वाळत चालली का?"

भैय्यालाल खळखळून हसला. मग गाळणी झटकत म्हणाला, "मासोळीचं राहू द्या, गोमाजी. पोट्टी घरी येऊन दोन महिने झाले. एकडाव बी पान्यात नाई उतरली. पेपरात फोटो आला होता, पॅरालिम्पिकले जानार म्हनून. काहून नाई गेली?"

गोमाजीच्या हातातली सुई थांबली. चष्मा तो घरीच विसरला होता, म्हणून मघापासून बोटांनी चाचपत गाठी मारत होता. आता बोटांनाही गाठ सापडेना.

हा प्रश्न कधीतरी येणार, हे त्याला माहीत होतं. दोन महिने तो त्याच्यापुढे मासोळ्या सोडत आला होता.

जन्मताना रुपाच्या मानेतली शीर ताणली गेली आणि डावा हात लोंबत राहिला. माय लोकांच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जायची, बाप लाखनीला ट्रकवर. पोर आज्याच्या हवाली. गोमाजीनं रोज दोन वेळा तो हात मोहाच्या बियांच्या तेलानं चोळला. चार वर्षांची झाली तेव्हा पाठीला वाळलेला भोपळा बांधून तिला नदीत सोडलं. ती भ्यायली की हा डोंग्यात उभा राहून ओरडायचा, "मांगं पाहू नोको, सहा हाताची मासोळी येऊन राहिली! मार, डावा हात मार!" पोर खिदळत हात मारायची. तो हात आधी पाण्यावर नुसता पडायचा, मग पाण्यात शिरायला लागला, मग पाणी मागं ढकलायला लागला. खेळाच्या मास्तरांनी पाहिलं, नागपूरच्या तलावात नेलं. तिथून ती दूरच्या शिबिरात गेली. एकोणिसाव्या वर्षी गळ्यात आशियातलं कांस्यपदक घालून ती घाटावर उतरली, त्या दिवशी गोमाजीला आयुष्यात पहिल्यांदा थाप सुचली नाही. गरजच पडली नाही.

आणि मग ती निवड चाचणी.

"चला ना आबाजी, तुमी कधीच मले तलावात पोहताना नाई पाहिलं," म्हणून तिनंच त्याला सोबत नेलं. तिकडे त्याला कळलं, की नुसतं पोहून भागत नाही. आधी डॉक्टर अंग तपासतात, हात दाबून त्यात जोर किती ते पाहतात, आणि त्यावरून गट पाडतात, म्हणजे सारख्या अडचणीच्या पोरी आपसांत पोहतात. रुपाचा गट आठवा. आकडा जितका मोठा, तितकं माणूस धडधाकट. आठव्यात तिची वेळ पक्की होती. विमानात बसायचंच काय ते बाकी होतं.

गोमाजी बाहेर बाकावर बसला होता. दोन दिवसांत त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गाडीत रुपा कानात गाण्याचं यंत्र घालून झोपली, तिला शिकवणाऱ्या मॅडमना वेळ नव्हता. पोट फुगल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात निळ्या कपड्यातला एक तरुण माणूस शेजारी येऊन बसला. गोमाजीनं त्याला तंबाखू-सुपारीचा खर्रा दिला.

"दादाजी, आपकी पोती है?" त्यानं विचारलं.

विचारलं आणि गोमाजीचा बांध फुटला. पोती? अरे, ती डाव्या हातानं एकटी डोंगा वल्हवते! मणभर मासळीचं जाळं त्याच हातानं ओढते! मागच्या पुरात त्याच हातानं म्हैस काढली, म्हैस! तो माणूस हसला, "सच में?" म्हणाला, आणि हातातला मोबाईल जरा वर धरला. गोमाजीनं मिशीवर हात फिरवून म्हशीची जोडी केली.

दुसऱ्या सकाळी रुपाला पुन्हा तपासणीला बोलावलं. तिच्याच गटात पोहणाऱ्या एका पोरीच्या प्रशिक्षकानं तक्रार केली होती. "पूरा जोर लगाओ," डॉक्टर म्हणाले. रुपानं लावला, तिला चोरून लावणं येत नव्हतं. पंधरा वर्षं चोळलेला हात, त्यानं जेवढं येत होतं तेवढं सगळं दाखवलं. गट नववा झाला. नवव्या गटाची पात्रतेची वेळ तिच्या वेळेहून चार सेकंद कमी होती. पोहण्यात चार सेकंद म्हणजे काय, ते गोमाजीला मॅडमच्या चेहऱ्यावरून समजलं.

तो निळ्या कपड्यातला माणूसच तो प्रशिक्षक, हे गोमाजीनं तपासणीच्या खोलीच्या दारातूनच ओळखलं होतं. रुपाला ते माहीत नाही, एवढ्याच एका आधारावर त्याच्या गळ्याखाली घास उतरत होता.

"बोला ना जी," शकुनबाई म्हणाली. "आज काऊन गप?"

"सांगतो. पन खरं मानणार नाई तुमी." आवाज नेहमीसारखा यावा म्हणून गोमाजी खाकरला. "एक मिशीवाला होता. हे एवढी मिशी, दोन्ही कानाले गुंडाळलेली. कुठला कोन, नाव नाई, गाव नाई. त्याच्या मनात पाप. तो गेला साहेबाजवळ आन् म्हनते, ह्या पोरीच्या हाताले कायीच झालं नाई. हे डोंगा वल्हवते, म्हशी काढते. पाहा आता! आपली रुपा, हात खांद्याच्या चार बोटं वर गेला तं दिवाळी! आन् साहेबबी असा, का त्या मिशीवाल्याचं..."

भैय्यालालनं गाळणी खाली ठेवली. शकुनबाईनं डोळ्यांनी खूण केली, मग पदरानं केली. चष्म्याशिवाय गोमाजीला दोन्ही दिसल्या नाहीत.

"...त्या मिशीवाल्याचं आयकून घेतलं. मले तो सापडला असता तं त्याच्या मिशीले धरून..."

मागून एक हात पुढे आला. डावा. तो जेवढा वर जायचा तेवढाच वर आला, आणि त्यात घरी विसरलेला चष्मा होता. हातानं तो गोमाजीच्या मांडीवर, जाळ्यात ठेवला.

"खोटं," रुपा म्हणाली.

गोमाजीनं चष्मा चाचपला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"मिशीवाला कोनी नोता, आबाजी. साहेबायनं मले मोबाईल दाखवला. त्यात तुमी होते, खर्रा खाऊन राहिले होते." ती एकेक शब्द सोडत होती, काठावरून पाण्यात पाय सोडावा तशी. "मी म्हटलं, हे माझे आबाजी होत. हे कधीच खरं बोलत नाई, आमच्या अख्ख्या पवनीले विचारा, ह्यायचं कोनीच मानत नाई. तं साहेब म्हने, एवढा म्हातारा मानूस नातीबद्दल खोटं कायले बोलन?"