मामाच्या रागावर चाललेली भट्टी

माझा मामा तेलशुद्धीच्या कारखान्यात भट्टीवाला होता आणि त्याचा राग त्या कारखान्यापेक्षा मोठा होता. खोटं वाटत असेल त्याने इथेच थांबावं.

भट्टीत कच्चं तेल तापतं, त्याची वाफ उंच मनोऱ्यात चढते. सगळ्यात वर गॅस निघतो, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी उरतं ते रस्त्यावरचं डांबर. भट्टीशेजारचा एक पाइप झिजून कागद झाला होता, ठिगळावर ठिगळ. त्या पाइपाखाली काम करायचा मामाचा जावई, वेल्डर. पाइप बदला म्हणून मामा साहेबांकडे जायचा. साहेब म्हणायचे, बघू. मामा तणतणत भट्टीपाशी येऊन उभा राहायचा आणि त्याच्या अंगाच्या आगीनेच तेल उकळायला लागायचं.

साहेबांनी हे हेरलं. मग मामाची रजा नामंजूर व्हायला लागली, चहा गार यायला लागला, सायकलची हवा रोज कुणीतरी सोडायला लागलं. तेल फुकटात उकळत होतं. साहेबांनी खुशाल भट्टीचे बर्नर काढून भंगारात घातले.

एका दुपारी ठिगळ फुटलं. जावयाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. साहेबांना वाटलं, आज तर तेल दुप्पट उकळणार.

मामा भट्टीपाशी आला. राग छातीतून वर चढला, टाळूला लागला आणि मनोऱ्यातल्या वाफेसारखा वरच्या वर थंड झाला. मामाचे हात बर्फ. तेल थिजलं. गावभर शेगड्या विझल्या, पंपांवर रांगा लागल्या, साहेबांची गाडी फाटकातच बंद पडली.

साहेब धावत आले. "मामा, अहो, रागवा ना. मला शिव्या द्या हवं तर."

"शिव्या भरपूर आहेत," मामा म्हणाला. "तुमच्यावर खर्चायच्या नाहीत. आधी पाइप."

संध्याकाळपर्यंत पाइप बसला. तो कुठून आणला म्हणाल, तर कारखान्याच्याच कोठारातून. नवाकोरा, कितीतरी वर्षं धूळ खात पडलेला.

ते कळल्यावर मामा पुन्हा पेटला. पण भट्टीकडे गेला नाही, साहेबांच्या केबिनकडे गेला.

भट्टीला नवे बर्नर बसलेत. केबिनची कडी वितळून चौकटीला चिकटली, ती अजून निघालेली नाही. साहेब खिडकीतून ये-जा करतात. आणि जावई डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावायला शिकतोय.