दहाने भागा

टेलरकाकांच्या बोलण्याला दहाने भागायचं, ही गल्लीतली रीतच होती. आणि ती पाडली होती खुद्द टेलरकाकूंनी. लग्न ठरताना काकांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्या दुकानात वीस माणसं राबतात." काकू सासरी येऊन बघतात तर दोनच! एक स्वतः काका आणि दुसरे आरशातले काका. काकूंनी तिथल्या तिथे हिशेब केला, दहाने भागलं की यांचं बोलणं बरोबर येतं. त्या हे विहिरीवर म्हणा, नळावर म्हणा, कुठे तरी बोलून गेल्या आणि गल्लीने ते उचललं.

पण एक होतं हं. जीभ कितीही सैल सुटो, काकांच्या गळ्यातली टेप कधी एका सुताने खोटं बोलली नाही.

त्या दिवशी दुपारी दुकानात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, रोजचीच खटरखटर चालू होती. काका मशीनवर, काकू काज करत होत्या आणि सून एका झग्याला बटणं लावत होती. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचा. सून मात्र डॉक्टर. खरीखुरी! परदेशात सहा वर्षं शिकली, तिथेच हृदयाच्या वॉर्डात तीन वर्षं राबली आणि लग्न करून इथे आली. तेव्हापासून बटणं लावतेय.

"आई, आमचा बाहेर शिकलेल्या डॉक्टरांच्या परीक्षेचा निकाल लागला," ती दोरा तोडत म्हणाली. "पास."

"पुन्हा?" काकूंच्या हातातली सुई थांबली. "अगं, दोनदा झालीस ना पास?"

"तिसऱ्यांदा झाले. पास झाल्यावर वर्षभराच्या आत कुठल्या तरी हॉस्पिटलात उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, मिळाली पाहिजे. ती नाही मिळाली की पास झालेलं रद्द. परत परीक्षा."

"आणि उमेदवारी कोण देणार?"

"हॉस्पिटलं. पण आधी इथे शिकलेल्यांना. उरली तर आम्हाला. उरतच नाही."

काका मशीन थांबवून म्हणाले, "म्हणजे मी कोट शिवायचा, गिऱ्हाइकाने दार लावून घ्यायचं, आणि वर्षाने सांगायचं, कापड जुनं झालं, परत शिव! अरे, परीक्षा घ्या की. दहा घ्या. पण पास झालेल्याला आत तरी घ्या!"

"दहा नको हो, बाबा," सून हसली. "तीनातच केस पिकले."

"तू घाबरू नकोस, डॉक्टर. मी स्वतः जातो त्या तुमच्या मेडिकल कौन्सिलात. साहेबाचं माप घेतो आणि अशी पँट शिवतो की बसला की उठताच येणार नाही!"

काकू हसल्या. त्या घरात सुनेला "डॉक्टर" म्हणणारे काका एकटेच. एरवी तो शब्द उंबऱ्याबाहेर काढायची सोय नव्हती. मागे शेजारणीच्या तान्ह्याचा ताप बघून सून नुसतं म्हणाली होती, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या." पोर वाचलं, पण नाक्यावरच्या दवाखानेवाल्याने तक्रार ठोकली. कौन्सिलने तंबी दिली: नोंदणी नसताना पुन्हा डॉक्टरकी केलीत, तर रांगेतून नावच काढू. त्या दिवसापासून पोरगी कुणाला साधं खोकल्याचंही विचारत नव्हती.

आणि काका? काका गल्लीभर सांगत सुटायचे, "माझी सून डॉक्टर आहे! तिकडे तिने मेलेला माणूस उठवून बसवला. तो उठला आणि आधी चहा मागितला!" लोक पोट धरून हसायचे आणि दहाने भागायचे. डॉक्टरला दहाने भागलं की काय उरतं? कंपाउंडरसुद्धा नाही.

तर, मशीन पुन्हा सुरू झालं आणि मध्येच थांबलं. काकूंनी मान वर केली. काका घामाने निथळत होते, हात जबड्यावर.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. छातीवर कुणीतरी इस्त्री ठेवलीय. कोळशाची. शंभर शेराची."

काकूंनी सवयीने मनात भागलं, दहा शेर. पण सून उडी मारून उठली होती. तिने नाडी धरली, मानेवरच्या फुगलेल्या शिरेकडे बघितलं आणि तिचा चेहराच पालटला. बटणं लावणारी पोरगी कुठल्या कुठे गेली. "आई, रिक्षा. हृदयाचा झटका आहे. पळा."

हॉस्पिटलात ऐन दुपारची गर्दी. तातडीच्या खोलीत खाटा भरलेल्या आणि सगळ्यांना मिळून एकच तरुण डॉक्टर, डोळे तांबारलेले. स्ट्रेचर ढकलायला गल्लीतलाच वॉर्डमामा होता. त्याची सगळी खाकी काकांनीच शिवलेली.

डॉक्टरने ईसीजीची पट्टी बघितली. "झटका आहे. सिस्टर, जिभेखालची गोळी द्या."

"थांबा!" सून पुढे झाली. "ती गोळी नको. आधी उजव्या बाजूनेही पट्टी काढा. हृदयाची उजवी बाजू बसलीय, मानेच्या शिरा बघा. गोळी दिलीत तर रक्तदाब कोसळेल."

डॉक्टरने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

तंबीतलं अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं.

"मी... सून आहे यांची."

"डॉक्टर म्हणजे काय, साहेब!" स्ट्रेचरवरून काकांचा आवाज आला. दम लागलेला, पण ऐट तीच. "तिकडच्या राजाचं काळीज शिवलंय हिने. उलट्या टाक्याने! बाहेरून टाका दिसत नाही!"

वॉर्डमामा हसला. "साहेब, टेलरकाकांच्या बोलण्याला दहाने भागायचं. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहितीये."

तरुण डॉक्टरही ओठातल्या ओठात हसला. "बाई, बाहेर थांबा जरा. मला काम करू द्या."

"डॉक्टर आहे हो ती!" काकू ओरडल्या. "खरंच आहे!"

पण तोवर पडदा ओढला गेला होता.

पडद्याखालून पायांची धावपळ दिसली. कुणीतरी म्हणालं, "प्रेशर लागत नाहीये." सून पडदा फाडून आत गेली, आता तिला कुणी अडवलं नाही. ती सांगत होती, "सलाइन सोडा, जोरात सोडा," आणि ते सोडतही होते. पण उसवलेलं फार पुढे गेलं होतं. काकांच्या गळ्यात टेप तशीच होती. काकूंनी ती काढून घेतली आणि मुठीत धरून बसल्या.

तरुण डॉक्टर बाहेर आला. "उजवी बाजूच होती," तो सुनेला म्हणाला. "मी दुसरी पट्टी काढायला हवी होती. तुम्ही... कुठे शिकलात?"

तिने सांगितलं. तीनदा पास झाल्याचंही सांगितलं.

तो भिंतीला टेकला. "इथे डॉक्टरांच्या चार जागा रिकाम्या आहेत. माणूस मिळत नाही म्हणतात. मी कालपासून एकटा आहे."

वॉर्डमामा कोपऱ्यात उभा होता. त्याने काकूंकडे बघितलं आणि मान खाली घातली. काकू त्याला काय बोलणार? शब्द त्यांचाच होता.

पुढे काकूंच्या अर्जावर कौन्सिलपुढे सुनावणीची तारीख पडली. सून नको म्हणत होती. "आई, मी हॉस्पिटलात उपचार सांगितले हे कळलं की नाव काढतील."

"काढू देत. ज्या रांगेत माणूस मरतो, तिथे नाव ठेवून करायचंय काय? तू चल. आणि विचारलं तर सून म्हणून सांगायचं नाही."

तो तरुण डॉक्टरही आला. स्वतःची चूक त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग कौन्सिलच्या साहेबाने सुनेला विचारलं, "आपण कोण?"

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज कापला, पण शब्द नाही.

मग काकू उठल्या. टेबलावर टेप ठेवली आणि त्या दुपारचं सगळं सांगितलं, सरळ टिपेने. कुठे झालर नाही, कुठे चुणी नाही. परीक्षा कडक घ्या म्हणाल्या, पण पास झालेल्या पोरीसाठी दार उघडा.

साहेबाने चष्मा काढला. आवाज मऊ केला. "बाई, तुमचं दुःख समजतं. घरातलं माणूस गेलं की थोडं वाढवून सांगितलं जातं."

काकू टेपवरचा हात न काढता म्हणाल्या, "साहेब, जन्मभर त्यांच्या बोलण्याला दहाने भागत आले. ती एकच गोष्ट त्यांनी मापात सांगितली होती, 'माझी सून डॉक्टर आहे.' तेवढी भागू नका."