अख्खी गुंज

मी गुंज बोलतेय. लाल अंग, काळं तोंड. दिसायला गोजिरी, पण पोटात विष बाळगून आहे. आधीच सांगते, मागाहून बोल लावू नका.

तिगावजवळच्या एका कुंपणावर शेंग उन्हानं तडकली आणि मी जगात आले. पांढुर्ण्याच्या देवीदास सोनारानं वेचून नेलं. त्याच्या तराजूत मी सोनं तोलायचे. काय रुबाब होता माझा! पुढे पितळी वजनं आली आणि मी डबीत पडले. एकदा सौंसरकडची इंदू तान्ही लेक घेऊन दुकानात आली. "पोरीच्या हाताले बांध, नजर नाही लागत," म्हणत त्यानं मूठभर गुंजा तिच्या पदरात टाकल्या.

इंदूनं दाभण तापवून आमच्यातून आरपार भोक पाडलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलं. दुखलं मला. पण त्या इवल्या मनगटावर मी सुखात होते, खरंच.

ही इंदूची तिसरी लेक. बाळंतपणात इंदू मरता मरता वाचली होती. नर्सबाईनं बजावलं, "पुन्हा दिवस गेले त तू वाचत नाही, बाई." इंदूनं नवऱ्याजवळ ऑपरेशनचा विषय काढला. हिरामण संत्र्याच्या बागेतून नुकताच आला होता. "पोरगा होऊ दे, मंग पाहू," म्हणाला आणि जेवायला बसला.

मरायचं तिनं, ठरवायचं त्यानं. माणसांची ही रीत मला कधी कळली नाही.

मग इंदू सुईणीकडे, शकुंतलामायकडे गेली. म्हातारी कानाशी लागली, "गुंज गिळ. जुन्या काळात राण्या बी हेच गिळत. कूस बंद होते. पण अख्खी गिळजो. फुटली त जीव घेते."

कूस बंद होते की नाही, देव जाणे. मूल नको म्हणून बायका हजारो वर्षं काय काय गिळत आल्या आहेत. पण जीव घेते हे खरं. कवच शाबूत असलं, तरच विष आत कोंडून राहतं.

वेलींवर आता शेंगा नाहीत. म्हणून आज इंदूनं लेकीचा दोरा सोडला, मला काढलं, पदरानं पुसलं. तडा नाही ना, ते निरखून पाहिलं.

"अख्खी हाये," ती पुटपुटली.

तिनंच पाडलेलं भोक तिला दिसलं नाही. रोजचंच ते, दागिन्याचं.

इंदू, मला एकदा उजेडाकडे धर गं! दोरा गेला तिथून आरपार दिसेल. लेक बघ, रिकामं मनगट चोखत पडली आहे.

इंदूनं डोळे मिटले. जीभ ओली आहे, गरम आहे. आणि माझं भोक उघडंच आहे.