यादीतली शेवटची खोली

सोमवारी सकाळी श्रीपाद कोडोलीकरांच्या मिरजेतल्या फ्लॅटला स्वयंपाकघरामागून तेहतीस खोल्या फुटल्या. मोजायची गरजच नव्हती. त्यांच्या जुनाट लॅपटॉपमध्ये साठलेली जी वायफाय नेटवर्कं, त्याच या खोल्या, अगदी यादीतल्या क्रमाने. सर्वांत वर होतं 'कोडोलीकर होम', म्हणजे स्वतःचं घर. त्याखाली कराडच्या डॉक्टरीणबाईंचा वेटिंग हॉल, मग निपाणीचं लॉज, असा तो लांबच लांब पॅसेज सुरू झाला होता. श्रीपादराव डोक्याला हात लावून बसले नाहीत. दूध उतू जाईल म्हणून ते आधी गॅसकडे गेले.

माणूसच फिरता होता. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करत सगळा पश्चिम महाराष्ट्र पालथा घातलेला. कुठेही उतरले की आधी वायफायचा पासवर्ड मागायचा, पाणी नंतर. लॅपटॉप इतका जुना की कंपनीनेही त्याचा नाद सोडलेला, पण एकदा जोडलेलं नाव तो कधी विसरत नसे.

यादीत तळाला होतं 'कुमुदचा फोन'. कुमुद ही त्यांची बायको, जाऊन तीन वर्षं झालेली. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात नेट मिळेना, तेव्हा तिनेच पलंगावर पडल्या पडल्या आपल्या फोनवरून ते चालू करून दिलं होतं. "करा तुमचं काम, मी कुठे पळून जात नाही," असं वर म्हणालीही होती. आता पॅसेजच्या पार टोकाकडून लसूण सोलताना ती स्वतःशी पुटपुटायची ना, ते पुटपुटणं ऐकू येत होतं.

श्रीपादराव चप्पल घालून निघाले. दुपारपर्यंत चालले. खोल्या मागे पडत होत्या, पण पुटपुटणं जवळ येईना, आणि शेवटी भूक लागली म्हणून परत फिरावं लागलं. घरी येऊन ते चक्क रडले. तीन वर्षांत ती एवढ्या जवळ कधी आली नव्हती.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मुजावर आले. तक्रारीचा सूर नव्हता, कागद होता.

"कोडोलीकर, तुमचा पॅसेज स्टेशन रोडपर्यंत गेलाय. कमी करा."

"कुठून कमी करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

लॅपटॉपवर यादीतलं नाव वर सरकवायचं एक बटण होतं, पण ते दाबलं तरी दबत नव्हतं. 'रिमूव्ह' तेवढं चालत होतं. त्यांनी निपाणीचं लॉज निवडलं आणि दाबलं. बॅगेची चेन ओढल्यासारखा आवाज झाला, लॉज गेलं, आणि मागच्या सगळ्या खोल्या एकेक घर पुढे सरकल्या. पुटपुटणं किंचित मोठं झालं. श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला. मंगळवारी त्यांनी पंधरा खोल्या काढल्या, त्यात कराडचा हॉलही गेला.

बुधवारी खुर्चीच्या एका पार्टसाठी त्यांनी कराडला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी कोण बोलतंय म्हणून विचारलं. बारा वर्षांची ओळख सांगून झाली, तरी बाई अगदी सौजन्याने म्हणाल्या की असे कोणी आपल्याकडे येत नाहीत. तेव्हा त्यांना कळलं, खोली काढली की तिथली ओळखही जाते. पण पॅसेज एव्हाना निम्मा झाला होता, आणि आता मागे कसलं वळायचं, असं म्हणून त्यांनी साताऱ्याचा मित्र काढला, जुना मदतनीस काढला, साडूचं घर काढलं, असं एकामागून एक.

गुरुवारी मधे एकच खोली उरली, बेळगावच्या अक्काची. थोरली बहीण ती, दर गुरुवारी अकराला तिचा फोन ठरलेला. त्या दिवशी त्यांनी तिला पोटभर बोलू दिलं. गुडघ्यांचं झालं, सुनेचं झालं, कुंद्याचा डबा कुणाबरोबर तरी धाडते म्हणाली. "श्रीपा, जेवलास का रे?" असं तिने विचारलं, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

"हॅलो," अक्का म्हणाली, "कोण बोलतंय?"

त्यांनी फोन ठेवला. एवढं एकटं त्यांना कुमुद गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कुमुदचं दार स्वयंपाकघराला लागून होतं, पाण्याच्या फिल्टरशेजारी. लसणाचा वास येत होता. दार मात्र ढिम्म हलेना. लॅपटॉप म्हणाला, तुम्ही 'कोडोलीकर होम'ला जोडलेले आहात. बरोबरच होतं, एका वेळी एकाच ठिकाणी जोडून घेता येतं. त्यांनी घरातून एक चक्कर मारली, गॅस बंद आहे का पाहिलं, आणि यादीतलं वरचं नाव काढून टाकलं.

फ्लॅटच्या दारावरची त्यांच्या नावाची पाटी कोरी झाली. जिन्यातून मुजावर कुणाला तरी सांगत गेले की हा फ्लॅट रिकामाच आहे, हवा तर उघडून दाखवतो.

त्यांनी कुमुदच्या दारावर टकटक केलं. पुटपुटणं थांबलं.

"कोण?"

तिचाच आवाज. इतका तिचाच, की त्यांनी दाराला कान लावला.

"मी."

अख्ख्या संसारात दाराबाहेरून त्यांनी याहून वेगळं काही सांगितलं नव्हतं. तिनेही कधी त्यांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. हाक मारायची ती 'अहो', आणि उत्तर द्यायचं ते 'मी'. तेवढ्यावर चौतीस वर्षं दार उघडत आलं होतं.

आत पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. कडीला हात लागल्याचंही ऐकू आलं.

"मी म्हणजे कोण?" कुमुदने विचारलं. "नाव सांगा."

त्यांनी तोंड उघडलं. नाव आठवेना. मागे मुजावर फ्लॅटच्या दाराला किल्ली लावत होते, आणि इथे दाराच्या फटीखाली तिच्या दोन पावलांची सावली, हलायचं नाव न घेता उभी होती.