बापाच्या नावावर दुसऱ्याचा चेहरा

त्या ज्ञानकोशाच्या साइटवर म्हणे कुणीही लिहू शकतं. लिहू शकतं हो, पण एकदा पुसायला जाऊन बघा! माझ्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दादांचं, शाहीर सीतारामांचं पान तिथं आहे. खडकीच्या कारखान्यात राबून उरल्या वेळात भीमगीतं गाणारा माझा बाप. मजकूर ठीक आहे. फोटो मात्र उत्तरेश्वरकाकांचा, दादांच्या गायन पार्टीत मागं ढोलकी वाजवायचे ते.

चूक कशी झाली, तेही कळलं. दादा गेल्यावर एका स्मृतिदिनाला काका त्यांची गाणी गायले. डोक्यावर बॅनर, ‘लोकशाहीर सीताराम’. कुण्या उत्साही माणसानं बॅनर वाचला, खालच्या माणसाचा फोटो काढला आणि अपलोड केला. झालं!

मी तो काढला. संध्याकाळी परत हजर. आमोद नावाच्या जुन्या संपादकांनी चर्चेत विचारलं, “आपण कन्या असल्याचा संदर्भ?” घ्या! आता जन्मदाखला लावू का पानावर? मी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं, दादा डफ उंचावून गाताहेत असं. उत्तर आलं, “त्याचे हक्क वर्तमानपत्राकडे आहेत. सध्याचा फोटो मुक्त आणि सुस्पष्ट आहे.” सुस्पष्ट! माणूसच दुसरा आहे, एवढं सोडलं तर. घरात दादांचा आणखी एकच फोटो होता, अंत्ययात्रेआधी काढलेला, नाकात कापूस घातलेला. तो कसा देऊ? शेवटी आमोद म्हणाले, “फोटोतल्या गृहस्थांनी स्वतः कळवल्यास काढू.”

मी धायरीला काकांचं घर गाठलं. काकांनी जय भीम केला, सुनेला चहा टाकायला सांगितला. विषय काढताच म्हणाले, “ठाव हाय मला. सूनबाईनं दावलाय.”

“मग गप्प का बसलात?”

“ऱ्हाऊ दे की, कल्याणी. जन्मभर तुझ्या बापाच्या मागं वाजवलं. त्या कात्रणात बघ, डफामागं माझा नुसता कान दिसतोय. आत्ता कुठं लोकं माझ्या तोंडाकडं बघाय लागली.”

“काका, तुमचं वेगळं पान करते मी, तुमच्या नावाचं. पण माझा बाप मला परत द्या,” म्हणता म्हणता रडूच फुटलं.

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग सुनेला मोबाइल धरायला लावून बोलले, “मी उत्तरेश्वर. सीताराम मी न्हाय. तो लई मोठा होता.”

तो व्हिडिओ पाठवला आणि फोटो गेला. दादांच्या पानावर आता रिकामी चौकट आहे. कबूल केल्याप्रमाणे मी काकांचं पान लिहिलं, फोटोही त्यांचाच लावला. आमोदनी ते उडवलं. कारण दिलं, “उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.” मी भांडले, पुरावे मागितले गेले. ढोलकीवाल्याबद्दल कोण छापतं हो?

यंदाच्या स्मृतिदिनाला विहारात कात्रणातल्या दादांचा मोठा फ्लेक्स लावला. मंडळात यंदाच आलेला सौमित्र हार घेऊन आला आणि थबकला. “ताई, हे कोण? शाहिरांचा साइटवर होता तो फोटो नाही मिळाला?”

“माझा बाप आहे तो!” मी भर विहारात ओरडले. सगळे वळून बघायला लागले.

पुढच्या खुर्चीतून काका काठी टेकत उठले. “तोच हाय. घाल हार,” त्यांनी सौमित्रला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “माझं पान लागलं का गं?”

ज्या माणसानं भरल्या विहारात माझा बाप मला दिला, त्याला नाही कसं म्हणू?

“लागलं, काका.”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिथं उभं राहवेना. मागं वळून त्यांनी हाक मारली, “सूनबाई, मोबाइल काढ बघू.”